एमएक्स विरुद्ध झेडवाय: ॲड. आनंद ग्रोव्हर यांच्या वकिलीबद्दल

आबोली

आज १० सप्टेंबर. २०१८ साली याच तारखेला एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा लागू झाला. मी अकरा वर्षं एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, समुपदेशक आहे. दर १० सप्टेंबरला मला एका वकिलांची आठवण येते. मी त्यांना कधी भेटले नाही आणि भेटण्याचं काही कारणही नाही. ॲड. आनंद ग्रोव्हर. या कायद्याचा मसुदा त्यांच्या संस्थेने केला. औषध न्यायला आमच्याकडे जी माणसं येतात त्यांना हे नाव माहीत नसतं. म्हणून हा धागा.

आमच्याकडे प्रत्येक पेशंटला उपचारांच्या नोंदीचं एक हिरवं पुस्तक मिळतं. परवा एक मावशी आल्या. पुस्तकाला नातवाच्या वहीला घालतात तसं ब्राउन पेपरचं कव्हर, त्यावर शाळेचं लेबल, आणि लेबलावर बॉलपेनने लिहिलेलं 'बीपी'. घरी गोळ्या बीपीच्या म्हणून चालतात. कव्हरच्या कडा इतक्या नेटक्या दुमडलेल्या होत्या की मी बराच वेळ त्याच बघत बसले. नाव आणि आजार एकत्र कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून माणूस किती काळजी घेतो!

ग्रोव्हर यांची या क्षेत्रातली वकिली याच प्रश्नापासून सुरू झाली. १९८९ चा फेब्रुवारी, गोव्यातलं म्हापसा. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्यातूनच त्याची तपासणी झाली. आपल्याला काय झालंय हे कुणी समजावून सांगण्याआधीच पोलीस त्याला घेऊन गेले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. ६४ दिवस. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली होती आणि तिने एचआयव्ही असलेल्या माणसाला असं वेगळं कोंडण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्याच्या आईने, ल्यूसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका केली. वकील होते आनंद ग्रोव्हर. अंतरिम आदेशाने डॉमिनिक घरी आला, पण अंतिम निकाल विरोधात गेला. सार्वजनिक हितापुढे एका व्यक्तीच्या हक्काला मागे सरावं लागेल, असं म्हणून न्यायालयाने कायदा वैध ठरवला. डॉमिनिकची नोकरी गेली होतीच. १९९२ साली तो वारला.

आता १९९७. तेच मुंबई उच्च न्यायालय, तेच वकील. अशील सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीतला हंगामी कामगार. कायम करायच्या आधी वैद्यकीय तपासणी झाली, एचआयव्ही निघाला, काम बंद. कामाला तो पूर्ण तंदुरुस्त होता. न्यायालयाने सांगितलं की माणूस काम करू शकतो आणि त्याच्यापासून इतरांना धोका नाही, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. या निकालपत्रात त्या कामगाराचं नाव नाही. कंपनीचंही नाही. एमएक्स विरुद्ध झेडवाय, एवढंच.

आठ वर्षांपूर्वी ज्या न्यायालयात आईला मुलाचं नाव घेऊन उभं राहावं लागलं, तिथेच आता कुणाचंही नाव न उच्चारता न्याय मागता आला. मी नवीन मुलींना ट्रेनिंग देते तेव्हा हाच प्रसंग सांगते.

बार्देशकर

आबोलीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी म्हापशाचाच. तेव्हा अकरावीत होतो. डॉमिनिकचं नाव, घर, वाडा सगळ्यांच्या तोंडी होतं. आमच्या घरी वडिलांनी पेपर घडी घालून कपाटावर ठेवला होता, मुलांच्या हाती पडू नये म्हणून. अर्थात आम्ही स्टुलावर चढून तो वाचला.

एक भर घालतो. तो एकटा पडला नव्हता. नाटकात काम करणारा मुलगा, त्याचे नाटकवाले मित्र त्याच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. त्या काळी छोट्या गावात ही सोपी गोष्ट नव्हती. आणि जाण्यापूर्वी त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली. वकिलांचा सन्मान करताना अशिलाचाही करूया. स्वतःचं नाव जगजाहीर झालेलं असताना तो लढायला तयार झाला, म्हणून पुढच्याला एमएक्स होता आलं.

आबोली

बार्देशकर, अगदी बरोबर. त्याच्याबद्दल मी फारच थोडक्यात लिहिलं.

सिस्टर_निवृत्त

बरेच दिवस इथे नुसती वाचते. आज लिहिते.

१९९५-९६ ची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी मोठ्या रुग्णालयात मी स्टाफ नर्स होते. आमच्या मेडिसिन वॉर्डात शेवटची खाट 'त्या' पेशंटची. बेडपॅन धुतात ती खोली पलीकडेच, सगळा वास तिकडून यायचा. केसपेपरवर लाल शाईने मोठं लिहायचं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, सगळेच लिहायचे म्हणून मीही लिहिलं. पायथ्याशी टांगलेला तो कागद भेटीच्या वेळी आलेला कुणीही वाचू शकत असे.

एक ट्रक ड्रायव्हर होता, तिशीतला. मी त्याचा कागद लिहीत असताना तो म्हणाला, "सिस्टर, गावातला माणूस आलाय समोरच्या खाटेला. उलटा लावाल का?" मी लावला नाही. राउंडला कागद सरळ लागतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती, सलाइन स्वतःच्या हाताने काढून तो निघून गेला होता. चादरीवर रक्ताचे थेंब होते आणि ते पुसायला मामा (वॉर्डबॉय) तयार नव्हते. ती चादर मीच गुंडाळली.

आम्हाला भीती होती, खरी भीती. ग्लोव्ह्ज पुरेसे नव्हते, सुई टोचली तर काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. हे निमित्त म्हणून सांगत नाही. नवीन कायद्यात कर्मचाऱ्यांना सुरक्षित साधनं आणि सुई टोचल्यानंतरचं औषध देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे हे कळलं, तेव्हा वाटलं, ज्याने हे लिहिलं त्याला आमचा वॉर्डही माहीत होता. पेशंटचा हक्क आणि नर्सची सुरक्षितता एकाच कागदावर मांडणारा वकील मला मोठा वाटतो.

विधी_तृतीय_वर्ष

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी कायद्याची विद्यार्थिनी. प्रश्न असा: आमच्याकडे ल्यूसी डिसोझा प्रकरण 'सार्वजनिक आरोग्य विरुद्ध वैयक्तिक स्वातंत्र्य' या शीर्षकाखाली एका ओळीत संपतं. सरकार जिंकलं, पुढे चला. मग हरलेल्या खटल्याला एवढं महत्त्व का द्यायचं? मधल्या काळात नेमकं काय झालं की निकाल फिरला?

आबोली

मी वकील नाही, तरी मला समजलंय तसं सांगते. चुकलं तर दुरुस्त कर.

हरल्यावर ग्रोव्हर हा विषय सोडून गेले नाहीत. लॉयर्स कलेक्टिव्ह ही संस्था त्यांनी आणि इंदिरा जयसिंग यांनी १९८१ साली मुंबईत काढली होती. पुढे १९९८ मध्ये तिथे एचआयव्हीसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. नोकरीवरून काढलेले, नवऱ्यामागे सासरच्यांनी घराबाहेर केलेल्या बायका, ऑपरेशन नाकारलेले, अशी माणसं तिथे यायची. एकेका माणसाचं एकेक प्रकरण. डॉमिनिकच्या वेळी न्यायालयापुढे प्रश्न आला तो 'आजार पसरू नये म्हणून काय करावं' असा. १९९७ ला प्रश्न आला तो 'या माणसाने पोट कसं भरावं' असा. असं मला वाटतं.

आणि वाट सरळ नव्हती. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात एचआयव्ही असलेल्या माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित झाल्यासारखं लिहून ठेवलं. म्हणजे मुंबईत एक पाऊल पुढे आणि दिल्लीत दोन मागे. ती शेरेबाजी त्या प्रकरणात गरजेचीच नव्हती, हे त्याच न्यायालयाकडून वदवून घ्यायला २००२ चा डिसेंबर उजाडला. त्या चार वर्षांत किती ठरलेली लग्नं मोडली असतील, किती जणांनी लपवून केली असतील, याचा हिशोब कुठल्याच निकालपत्रात नाही.

एचआयव्ही कायद्याचा मसुदा लॉयर्स कलेक्टिव्हच्या याच विभागाने केला. गावोगावच्या लोकांशी, डॉक्टरांशी, देहविक्रय करणाऱ्या बायकांशी, नशेच्या सुया वापरणाऱ्यांशी बोलून. २००६ मध्ये तो सरकारकडे दिला. विधेयक राज्यसभेत आलं २०१४ ला. संसदेने मंजूर केलं एप्रिल २०१७ मध्ये. डॉमिनिकच्या सॅनेटोरियमपासून मोजलं तर अठ्ठावीस वर्षं. आणि शेवटी उपचारांच्या कलमात 'शक्य तितक्या प्रमाणात' असे शब्द घुसले. औषध देणं हे बंधन न राहता सोयीवर जाऊ शकतं, म्हणून कार्यकर्त्यांनी आणि खुद्द मसुदा करणाऱ्यांनीही त्याला जाहीर विरोध केला. ते शब्द अजून तिथेच आहेत.

बाबांची_लेक

मी दुसऱ्या दिशेने आले या नावापाशी. माझ्या वडिलांना २०११ मध्ये रक्ताचा कर्करोग निघाला, सीएमएल. परळला डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक गोळी, बहुधा आयुष्यभर. इमॅटिनिब. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. हिशोबाला पक्के. पाकिटावर तारीख लिहून दहा-दहाच्या स्ट्रिपा ते डब्यात उभ्या लावायचे, पूर्वी तिकिटांचे गठ्ठे लावायचे तशा.

मूळ कंपनीच्या ग्लिव्हेकचा खर्च तेव्हा महिन्याला लाखावर, सव्वा लाखापर्यंत. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत, पुढे आणखी स्वस्त. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं होतं आणि ते २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नाकारलं होतं. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. हे भांडण मद्रास उच्च न्यायालयातून फिरत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे या रुग्णांच्या संस्थेची बाजू मांडली आनंद ग्रोव्हर यांनी. १ एप्रिल २०१३ ला निकाल आला, न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई. पेटंट नाही.

बातमी लागली तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आपली गोळी चालू राहणार ना?" मी हो म्हटलं. त्यांनी आमटी मागितली. बस, एवढंच. २०१९ पर्यंत होते ते. नातीचं बारसं केलं, तिला सायकल शिकवली.

फॉर्मा_पुणे

बाबांची_लेक, तुमचा अनुभव वाचून बरं वाटलं. मी औषध संशोधनात काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. नवीन रेणू शोधायला वर्षं आणि अफाट पैसा लागतो. पेटंट मिळणार नसेल तर कोण लावणार? शिवाय नोव्हार्टिस भारतात हजारो रुग्णांना ग्लिव्हेक मोफत देत होती, हेही लिहायला हवं.

विधी_तृतीय_वर्ष

याचं उत्तर मी देते, कारण हा निकाल आम्हाला पूर्ण वाचायला लावला होता.

न्यायालयाने 'नव्या औषधाला पेटंट नको' असं म्हटलेलं नाही. इमॅटिनिब हा मूळ रेणू नव्वदच्या दशकातला. भारतात ज्यावर भांडण झालं ते त्याच्या मेसिलेट क्षाराचं बीटा स्फटिकरूप. आपल्या पेटंट कायद्यात २००५ साली कलम ३(घ) आलं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप आणलंत, तर त्याने गुण लक्षणीय वाढतो हे दाखवा. कंपनी म्हणाली, शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं. न्यायालय म्हणालं, औषधाचा गुण म्हणजे बरं करण्याचा गुण. जास्त शोषलं गेल्याने रोगी जास्त बरा होतो हे कुठे दाखवलंत? एवढाच मुद्दा, पण त्यावर सगळं उभं आहे. नाहीतर दर काही वर्षांनी रूप बदलून तीच गोळी महाग ठेवता आली असती.

बाबांची_लेक

फॉर्मा_पुणे, राग नाही. मोफत योजना होती आणि तिच्यामुळे अनेक जण जगले, हे खरंच आहे. पण दया म्हणून मिळणारी गोळी कधीही बंद होऊ शकते, ही धाकधूक घरात असते. दुकानातून दहा हजारांत आणलेल्या गोळीला ती नसते. बाबांना कुणाकडे हात पसरणं जमलंच नसतं.

फॉर्मा_पुणे

पटलं. कलम ३(घ) चा मुद्दा माझ्याही डोक्यात इतका स्पष्ट नव्हता. संशोधनाच्या खर्चाबद्दलची माझी काळजी मात्र कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

नागोयाहून

माझी एक छोटी भर. ग्रोव्हर २००८ ते २०१४ या काळात आरोग्यहक्कासाठीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक होते. आमच्याकडे जपानात त्यांचं नाव फुकुशिमामुळे माहीत आहे. अणुदुर्घटनेनंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये ते इथे आले, विस्थापितांना आणि कामगारांना भेटले. वर्षाला २० मिलिसिव्हर्टपर्यंत किरणोत्सर्ग असलेल्या भागात लोकांना राहू देणं योग्य नाही, १ मिलिसिव्हर्टच्या वरच्या सगळ्या भागात आरोग्य तपासणी करा, अशा त्यांच्या २०१३ च्या अहवालातल्या शिफारशी. इथल्या सरकारला त्या रुचल्या नाहीत, त्यांनी लेखी आक्षेप घेतले. माझ्या शेजारच्या आजी फुकुशिमाहून इकडे आलेल्या. मी भारतीय आहे कळल्यावर त्यांनी आधी मला या वकिलांबद्दल विचारलं होतं, आणि तेव्हा मला त्यांच्याविषयी काहीच सांगता आलं नाही. आज हा धागा वाचून त्यांना सांगेन.

कोर्टकचेरी

धाग्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा उल्लेख राहिला. एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेची याचिका २००१ ची, तीही आरोग्याच्या अंगानेच गेली. समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवलं तर ते एचआयव्हीच्या तपासणीला पुढे येत नाहीत, हा त्यातला मुख्य धागा. दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह आपल्या सोलापूरचे. नाझच्या बाजूने ग्रोव्हर. तो निकाल २०१३ मध्ये उलटला आणि २०१८ मध्ये पुन्हा मार्गी लागला. आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यातली सक्तीची फाशी रद्द केली, तिथेही वकील ग्रोव्हरच.

सडेतोड

सगळं चांगलं चाललंय, पण एक विचारतो. यांच्या संस्थेचा परदेशी निधीचा परवाना रद्द झाला होता ना? सीबीआयची केसही आहे. गौरव करताना हे लपवायचं का?

कोर्टकचेरी

लपवायचं काहीच नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१६ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हची परदेशी निधीची नोंदणी रद्द केली. २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, छापे पडले. संस्थेने सगळे आरोप नाकारले आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये ग्रोव्हर-जयसिंग यांच्यावर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. आरोप म्हणजे निकाल नव्हे, इतकंच मी म्हणेन.

आबोली

सडेतोड, विचारलंत ते योग्यच. मी एवढंच सांगते, माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बाईला जे संरक्षण मिळालंय ते कागदावर आहे, आणि तो कागद कुणी लिहिला हे मला माहीत आहे.

आणखी एक प्रकरण राहून जायला नको. २०१७ चा जानेवारी. पाटण्याकडची जेमतेम अठरा वर्षांची मुलगी, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय. बेडाक्विलिन हे नवं औषध तेव्हा देशात फक्त सहा केंद्रांवर होतं, आणि दिल्लीच्या रुग्णालयाने ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते दिलं नाही. वडील न्यायालयात गेले, वकील पुन्हा ग्रोव्हर. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी वैद्यकीय मत दिलं. औषध मिळालं. पण फुप्फुसं तोवर फार खराब झाली होती, दीड-पावणेदोन वर्षांनी ती गेली. जिंकलेला खटला आणि गेलेली मुलगी. मी हे प्रकरण ट्रेनिंगमध्ये सांगत नाही, मला बोलता येत नाही.

सिस्टर_निवृत्त

वाचलं. पुढचं काही लिहवत नाही.

वाटसरू_९

हा आयडी आजच काढला. माझ्या जवळच्या एका माणसाची कंपनीत वार्षिक तपासणी झाली. रक्त कशासाठी घेतलं हे सांगितलं नाही. आता एचआर सांगतंय घरी थांबा, पगाराचं नंतर बघू. शॉपफ्लोअरवर कुजबुज सुरू झालीये. तो कुणाशी बोलत नाही. काही करता येतं का?

आबोली

येतं. सविस्तर लिहिते, त्यांना वाचून दाखवा.

माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. केवळ यावरून नोकरीत वेगळं वागवता येत नाही, काढता येत नाही. कंपनीत शंभर किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा, आधी त्याचं नाव लेखी विचारा. कायद्यात राज्याच्या लोकपालाचीही तरतूद आहे, तिथे तीस दिवसांत आदेश व्हायला हवा. भांडायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, पण त्याआधी औषध सुरू आहे ना, हे बघा. तेच पहिलं.

वाटसरू_९

औषध सुरू नाही. तो जायला तयार नाही, ओळखीचं कुणी दिसेल म्हणून. आणि कोर्टात गेलो तर नाव येणारच ना?

विधी_तृतीय_वर्ष

यायलाच हवं असं नाही. कलम ३४ बघा. अर्ज केला तर न्यायालय टोपणनावाने प्रकरण चालवू शकतं, बंद दालनात सुनावणी घेऊ शकतं, नाव छापायला मनाई करू शकतं.

वाटसरू_९

मग नावाच्या जागी काय लिहायचं?

आबोली

न्यायालयाला मान्य होईल असं काहीही. १९९७ साली एमएक्स लिहिलं होतं.

आपल्या तालुक्यातल्या सेंटरवर यायचं नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात नोंदणी करता येईल का ते मी बघते. मला व्यक्तिगत निरोपात फक्त जिल्हा कळवा, नाव नको. सकाळी दहाला गर्दी असते, साडेबारानंतर या म्हणावं. आणि एचआरने घरी थांबा म्हणून जो मेसेज पाठवलाय तो फोनमधून पुसू देऊ नका.